मुलगी सारखी ‘माटिल्डा’च वाचते, काळजी करावी का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी पाचवीत आहे. गेल्या वाढदिवसाला तिला कुणीतरी ‘माटिल्डा’ हे एका विलक्षण हुशार छोट्या मुलीचं इंग्रजी पुस्तक दिलं, तेव्हापासून ती तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचते. दुसरं काही दिलं तर आधी विचारते, ‘यात हुशार मुलगी आहे का?’ शाळेत मार्क मध्यम. स्कॉलरशिपच्या क्लासला जाते, तिथे फारशी चमकत नाही. मध्यंतरी एकदा रडून म्हणाली, ‘मी माटिल्डासारखी नाहीच आहे.’ आणि त्याच सुमारास वर्गातल्या एकदोन मुलांना ‘मठ्ठ’ म्हणायला लागली. आजींचं म्हणणं, मोठ्या माणसांच्या खोड्या काढायला शिकवणारी पुस्तकं घरात नकोत. हे वाचन थांबवावं का, आणि थांबवायचं नसेल तर पुढे काय द्यावं, असं तुम्ही विचारलं आहे.

थांबवू नका, हे आधी सांगते. कारणं सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

मी बरीच वर्षं मुलांचं वाचनालय चालवते आणि शनिवारी वाचन-गट घेते. आठ ते तेरा या वयाची मुलं आमच्याकडे जास्त. त्यांत तुमच्या लेकीसारखी मागणी करणाऱ्या मुली दर वर्षी भेटतात. कुणाला गुप्तहेर मुलगी हवी असते, कुणाला जादू शिकणारी, कुणाला गणितात पटाईत. पुस्तक उलटं करून मागचा मजकूर वाचतात, नायिकेला काहीतरी खास येतं याची खात्री करतात आणि मगच कार्डावर नोंद करायला टेबलाशी येतात. तेव्हा पहिली गोष्ट ही, की तुमच्या घरात काही वेगळं किंवा चिंतेचं घडतंय असं मुळीच नाही.

तुमच्या सगळ्या काळज्यांच्या मुळाशी एक समजूत दिसते: मुलीला हुशार व्हायचंय, म्हणून ती हुशार मुलींबद्दल वाचते. ही समजूत बरोबर असेल तर मध्यम मार्क मिळवणाऱ्या मुलीला अशी पुस्तकं देणं म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणंच होईल. पण माझा अनुभव वेगळा आहे. या कादंबऱ्यांमध्ये मुलींना ओढून घेतं ते नायिकेच्या हुशारीपेक्षा त्या हुशारीची भूक, आणि ती भूक कुणाच्या तरी लक्षात येणं. हे मी ‘माटिल्डा’वरूनच दाखवते, कारण तुमच्या घरी ते पुस्तक आहे आणि मी सांगते ते तुम्ही आज रात्री पडताळून बघू शकता.

आमच्याकडची ‘माटिल्डा’ची प्रत दोनदा बाइंडिंग करून आणली आहे. टेबलावर ठेवली की ती आपोआप एकाच ठिकाणी उघडते. माटिल्डा नजरेने पाण्याचा ग्लास पाडते ते ते पान नाही. बापाच्या टोपीला आतून गोंद लावते तेही नाही. ते पान आहे माटिल्डाच्या वर्गशिक्षिकेच्या, मिस हनीच्या पहिल्या तासाचं. वर्ग दोनचा पाढा म्हणतोय आणि माटिल्डा थांबायचं सोडून पुढे पुढे म्हणत जाते. मिस हनी तिला विचारते, दोन गुणिले चारशे सत्त्याऐंशी किती? नऊशे चौऱ्याहत्तर. मग थोड्या वेळाने, चौदा गुणिले एकोणीस? दोनशे सहासष्ट. इथे एखादी बाई चिडली असती, एखादीने ‘कुणी पाठ करून घेतलं?’ असं विचारलं असतं. मिस हनी विचारते, तू हे करतेस तेव्हा तुझ्या डोक्यात नेमकं काय चालतं ते मला सांगशील का? आणि उत्तराची वाट बघते. माटिल्डाला ते नीट सांगता येत नाही. तरी मिस हनी ऐकत राहते.

ती पानं झिजली आहेत ती या विचारण्यामुळे, असं मला वाटतं. दहा वर्षांच्या मुलीला दिवसभरात प्रश्न किती विचारले जातात ते मोजा: होमवर्क झालं का, डबा संपवलास का, किती मार्क पडले, बाकीच्यांना किती पडले. तुझ्या डोक्यात काय चालतं, हा प्रश्न त्यांत क्वचित असतो. आणि मार्क कितीही असले तरी प्रत्येक मुलाच्या आत, आजूबाजूच्यांनी विचारलंय त्यापेक्षा जास्त काहीतरी भरलेलं असतं. माटिल्डा वाचताना ते ओळखीचं वाटायला गणितात पटाईत असावं लागत नाही.

आता भुकेबद्दल. रोआल्ड डालचं हे पुस्तक १९८८ साली आलं, क्वेंटिन ब्लेकच्या चित्रांसह. सुरुवातीची पानं पुन्हा बघा. माटिल्डा वर्तमानपत्रं आणि मासिकं चाळत स्वतःच वाचायला शिकते. घरात पुस्तक म्हणावं असं एकच, आईचं स्वयंपाकाचं. ते ती इतक्यांदा वाचते की सगळ्या पाककृती तोंडपाठ होतात. मग बापाकडे पुस्तक मागते तर तो म्हणतो, टीव्ही आहे ना घरात. आई दुपारी बिंगो खेळायला एल्सबरी गावाला गेली की ही चार वर्षांची मुलगी एकटी चालत सार्वजनिक वाचनालयात जाते. तिथली ग्रंथपाल मिसेस फेल्प्स ही बालसाहित्यातली माझी सगळ्यात लाडकी व्यक्ती आहे, आणि हे मी केवळ एकाच व्यवसायातली म्हणून म्हणत नाही. ती करते काय, तर मुलांची पुस्तकं कुठे आहेत ते दाखवते. ती संपल्यावर मोठ्यांच्या कपाटातलं काढून देते. पुस्तकं घरी नेता येतात, हे तिला सांगते. हेमिंग्वे या मोठ्यांच्या लेखकाचं काही काही समजत नाही असं माटिल्डा म्हणते तेव्हा मिसेस फेल्प्स तिला समजावून सांगायला बसत नाही. न समजणाऱ्या भागाची चिंता करू नको, शब्द अंगावरून वाहू दे, एवढंच सांगते. परीक्षा नाही, सारांश लिहून दे नाही, ‘बघा केवढीशी पोर काय वाचते’ असा गवगवा नाही.

यात माटिल्डाची प्रतिभा पारितोषिकासारखी कुठेच मिरवत नाही. ती आधी अडचणच असते. घरच्यांना तिचं वाचणं खुपतं, शाळेच्या मुख्याध्यापिकेला तिचं असणंच खुपतं. मुलींना ही अडचण आतून कळते. खूप बोलणारी, खूप चित्रं काढणारी, खूप प्रश्न विचारणारी, सारखं गुणगुणणारी, अशा सगळ्यांना कधी ना कधी ‘पुरे आता’ ऐकावं लागलेलं असतं.

आणि मग ती नजरेची शक्ती. ती पहिल्यांदा येते कधी? मुख्याध्यापिका ट्रंचबुलबाईंच्या पाण्याच्या जगमध्ये कुणीतरी पाल सोडल्याचा आळ माटिल्डावर येतो तेव्हा. (मूळ पुस्तकात न्यूट नावाचा पाणसरड्यासारखा प्राणी आहे, वाचून दाखवताना मी पालच म्हणते.) तिने काही केलेलं नसतं, तिला बोलू दिलं जात नाही, आणि तो सगळा संताप डोळ्यांत गोळा होतो. ग्लास हलतो. पुढे ती काय करते तेही बघण्यासारखं आहे. घरी येऊन खोलीचं दार लावते, बापाचा एक सिगार समोर ठेवते आणि तो नजरेने उचलायचा रोज सराव करते. आधी जेमतेम हलतो, मग उचलला जातो, मग हवेत हवा तसा फिरवता येतो. इतका सराव करून झाल्यावर ती शक्ती वापरते ती स्वतःसाठी नाही. फळ्यावर खडू नाचवून ट्रंचबुलबाईंना घाबरवते ते त्यांनी बळकावलेलं मिस हनीचं घर आणि पगार तिला परत मिळावा म्हणून.

शेवटी तिला वरच्या वर्गात घालतात, तिच्याहून दुप्पट वयाच्या मुलांबरोबर, आणि शक्ती नाहीशी होते. आमच्या वाचन-गटात या शेवटावर दर वेळी वाद होतो. काही मुलं लेखकाने फसवलं म्हणतात. काहींना वाईट वाटतं. पुस्तकात मिस हनी त्याचं कारण सांगते: आतापर्यंत तुझ्या मेंदूला पुरेसं कामच नव्हतं, साचलेल्या शक्तीला वाट नव्हती, ती डोळ्यांवाटे बाहेर पडत होती, आता काम मिळालं. माटिल्डा हे खुशीने मान्य करते. चमत्कार करत जन्म काढायचा नाही मला, असंच तिचं म्हणणं.

माझ्या मते अख्ख्या पुस्तकातली ही सगळ्यात शहाणी जागा आहे. चमत्कार गेला तरी मुलीचं काही जात नाही, कारण तिला हवं होतं ते मिळालेलं असतं: पेलण्याजोगं काम आणि तिची कदर असणारं माणूस. ही जागा मुलांच्या बरोबर लक्षात येते. एका मुलीने वाद संपवताना सांगितलं होतं, ‘तिला आता राग येत नव्हता ना, म्हणून गेली.’ मी यापेक्षा चांगलं समीक्षण कुठे वाचलेलं नाही.

तेव्हा इथवरचं थोडक्यात: लेकीला माटिल्डा का आवडते याचं उत्तर ‘तिला हुशार व्हायचंय’ असं धरून चालू नका. तिच्या आत काय साठलंय, आणि ते तिला कुणी विचारतं का, इकडे बघा. हे मात्र मी लांबून सांगू शकत नाही. घरी भावंडं आहेत का, मैत्रिणी आहेत का, शाळा नुकती बदलली का, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. काही मुली एकटेपणामुळे या पुस्तकांत शिरतात, काही नुसत्या मजेसाठी. पुस्तक मिटल्यावर मुलगी खेळायला जात असेल, खात-पीत असेल, मैत्रिणीला गोष्ट सांगत असेल तर निर्धास्त राहा. पुस्तक मिटल्यावर कुणाशी बोलायलाच तयार नसेल तर बोलणं पुस्तकाबद्दल नको, शाळेबद्दल हवं.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो इथे येतोच: मुलगीच का? हुशार मुलाची गोष्ट तिला का चालत नाही?

मराठीत कित्येक पिढ्या भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर वाढल्या, मुलीसुद्धा. फुरसुंगीचा हा बनेश फेणे काही अलौकिक बुद्धीचा नाही. चौकस आहे, धीट आहे, सायकल दामटतो आणि नको तिथे नाक खुपसून ‘ट्टॉक्’ करतो. गोष्टीत शिरायला मुलाला एवढं पुरतं. मुलगी नायिका असली की लेखकांना बहुतेकदा आधी तिच्यासाठी परवाना काढावा लागतो: ती असामान्य आहे, म्हणून ती घराबाहेर पडू शकते, मोठ्यांशी वाद घालू शकते, एकटी चालत वाचनालयात जाऊ शकते. जगभरच्या बालसाहित्यात मला हे दिसतं आणि ते खटकतं. साधीसुधी चौकस मुलगी पुस्तकभर हुंदडते आहे, अशा गोष्टी मराठीत अजून कितीतरी हव्या आहेत. तोवर मुली ‘हुशार मुलगी आहे का?’ असं विचारतात तेव्हा त्या बऱ्याचदा हेच विचारत असतात, की यातली मुलगी स्वतः काही करते का, का नुसती कुणाची बहीण आहे?

याला जोडून एक अभ्यास सांगते, कारण तो तुमच्या मुलीच्या वयाच्या जरा आधीचं काही दाखवतो. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिंपियन यांचं अमेरिकेतल्या मुलांवरचं संशोधन छापून आलं. मुलांना एका ‘खूप खूप हुशार’ माणसाची गोष्ट सांगायची, तो पुरुष की बाई ते सांगायचं नाही, आणि चित्रांमधून तो माणूस ओळखायला लावायचा. पाच वर्षांच्या मुली आणि मुलं दोघंही आपापल्या बाजूचं चित्र निवडत. सहा-सात वर्षांच्या मुली बाईचं चित्र कमी निवडायला लागल्या. शाळेत मार्क कुणाला जास्त पडतात असं विचारलं तर मात्र त्याच वयाच्या मुली ‘मुलींना’ असं सांगत होत्या. म्हणजे मार्क मुलींचे, पण ‘खूप खूप हुशार’ म्हणजे कुणीतरी पुरुष, अशी वाटणी पहिली-दुसरीतच मनात बसायला लागली होती. हा अभ्यास आपल्याकडच्या मुलांवरचा नाही, तेव्हा जसाच्या तसा इथे लावू नका. तरी मला तो वाचल्यावर टेबलाशी उभ्या राहणाऱ्या मुलींचा तो प्रश्न फार रास्त वाटायला लागला. ही शंका मनात घर करते, त्यानंतरच्या काही वर्षांतच त्या पुस्तकातून त्या शंकेविरुद्ध पुरावा शोधत असतात.

आता ‘मी माटिल्डासारखी नाही’ या रडण्याकडे येऊ. हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, आणि त्याचा उगम पुस्तकात नसावा असा माझा कयास आहे. आपल्याकडे हुशारी मोजायची यंत्रं फार लवकर सुरू होतात: अबॅकस, ऑलिंपियाड, स्कॉलरशिप, क्लासच्या भिंतीवर चिकटवलेली नावं. त्यात घरातले सगळे प्रेमाने ‘आमची पोर फार हुशार’ म्हणत असतात. १९९८ साली क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीच्याच मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. मुलांना कोडी सोडवायला दिली. मग काहींना सांगितलं, तू हुशार आहेस; काहींना सांगितलं, तू चांगली मेहनत घेतलीस. पुढे अवघड कोडी दिली, ती सगळ्यांनाच जड गेली. हुशारीची शाबासकी मिळालेल्या मुलांचा कल आधीच सोप्या कामाकडे होता; अवघड कोड्यांनंतर ती लवकर कंटाळली आणि पुन्हा साधी कोडी दिली तर पहिल्यापेक्षा कमी सोडवली. आपल्याला किती मार्क पडले ते वाढवून सांगणारीही याच गटात जास्त निघाली. ‘हुशार’ म्हटलं गेल्यावर प्रत्येक चूक म्हणजे ते बिरुद काढून घेतलं जाण्याची भीती.

त्यामुळे लेकीला ‘नाही गं, तू आहेसच माटिल्डा’ असं सांगू नका. ते तिला खोटं वाटेल, आणि खरं वाटलं तर ओझं होईल. मिस हनीसारखं विचारा. तिने काढलेलं चित्र, लिहिलेली चार ओळींची गोष्ट, कॅरममध्ये लावलेला कट शॉट, काहीही असो: हे तू कसं ठरवलंस? कुठे अडलं? आणि उत्तराला वेळ द्या. सिगारचं प्रकरण तिच्याबरोबर पुन्हा वाचा, कारण माटिल्डाचा सराव मुलं भराभर उलटून टाकतात. चमत्कारसुद्धा तिला रोज बसून शिकावा लागला, हे मोठ्याने वाचताना बरोबर ऐकू येतं.

आणि या रडण्यासाठी मी एक पुस्तक सुचवेन: मॅडलिन लेंगलचं ‘अ रिंकल इन टाइम’. १९६२ सालचं आहे, आधी अनेक प्रकाशकांनी नाकारलेलं, आणि दुसऱ्याच वर्षी त्याला न्यूबेरी पदक हा अमेरिकेतला बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. त्यातली मेग मरी ही शाळेत नापास व्हायच्या बेतात असलेली, चष्मेवाली, तापट, हट्टी मुलगी. गणित सोडलं तर शाळेत तिचं काही धड नाही. तिचा पाच वर्षांचा धाकटा भाऊ चार्ल्स वॉलेस हा खरा असामान्य बुद्धीचा, आणि संकटात सापडतो तो आपल्या बुद्धीवर फार विसंबल्यामुळे. हरवलेल्या वडिलांना शोधायला मेग निघते तेव्हा मिसेस व्हॉट्सिट ही गूढ म्हातारी तिला भेट म्हणून काय देते, तर तिचेच दोष: राग, उतावीळपणा, हट्ट. पुढे तेच कामाला येतात. भावाला सोडवताना तर बुद्धी नाहीच, त्याच्यावरचं प्रेम उपयोगी पडतं. जी मुलगी स्वतःला कमी समजते तिच्या हातात देण्यासारखं यापेक्षा चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

‘मठ्ठ’ या शब्दाचं वेगळं आहे. तिथे थोडं कडक व्हा. पण उपदेश करण्याआधी पुस्तकच पुढे करा. माटिल्डाबद्दल लेखक स्पष्ट सांगतो, की तिच्याशी बोलताना ती इतरांपेक्षा वेगळी आहे असा पत्ताही लागत नसे आणि ती कधी शेखी मिरवत नसे. लॅव्हेंडर तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि लॅव्हेंडर काही कुशाग्र वगैरे नाही, धाडसी आहे. हे लेकीला विचारा: माटिल्डा वर्गातल्या कुणाला असं म्हणते का? तिला शोधू द्या. सापडणार नाही.

त्यानंतर लुईस फिट्झह्यूचं ‘हॅरिएट द स्पाय’ द्या, १९६४ सालचं. न्यूयॉर्कमधली अकरा वर्षांची हॅरिएट, लेखिका व्हायचं तिचं ठरलेलं, दिसेल ते वहीत टिपते. वर्गातल्या प्रत्येकाबद्दल खरं आणि बोचरं लिहिते. वही मैत्रिणींच्या हाती लागते, सगळे ती वाचतात, आणि दुसऱ्या दिवसापासून हॅरिएट एकटी. हे पुस्तक मुलीला लगेच सावरून घेत नाही. हॅरिएटचं निरीक्षण अचूक असतं, तरी त्याने माणसं दुखावतात, आणि ती दुखावलेली माणसं तिला हवी असतात. आमच्या गटात ही प्रकरणं वाचताना एरवी बडबडणारी मुलं गप्प होतात. प्रत्येकीने कुणाबद्दल तरी असं काही म्हटलेलं असतं.

नोएल स्ट्रीटफील्डचं ‘बॅले शूज’ही याच कामाचं आहे. १९३६ सालचं, लंडनमधल्या तीन दत्तक बहिणींचं, ज्यांना घर चालवायला हातभार म्हणून रंगभूमीवर काम करावं लागतं. थोरली पॉलीन नाटकात गाजते, डोक्यात हवा जाते, उर्मटपणा करते, आणि तिला एका प्रयोगाला बसवून तिची बदली मुलगी उभी करतात. ती मुलगीही छान काम करते. मधली पेट्रोव्हा नाचात बेताची, तिला मोटारी आणि विमानांचं वेड. पैशांसाठी तिला नाच शिकावा लागतो, तरी तिचं वेड तिच्याकडेच राहतं. इथे गुण म्हणजे तालीम, घाम, भाड्याचे पैसे. स्पर्धेच्या वातावरणात वाढणाऱ्या मुलींना हे फार लवकर कळतं.

या प्रकारातलं सगळंच चांगलं असतं असं मी म्हणत नाही. अलीकडे कपाटभर अशी पुस्तकं येतात जिथे नायिका पहिल्या पानापासून निवडलेली, जगात एकमेव, तिला सगळं आपसूक येतं आणि बाकीची मुलं टाळ्या वाजवायला. त्यांत सराव नाही, किंमत मोजणं नाही, मैत्री बरोबरीची नाही. अशी पुस्तकं मी हिसकावून घेत नाही, पण सुचवतही नाही. घ्यायच्या आधी मधलीच चार पानं वाचून बघा: नायिका कुठे अडते का, कुणाचं ऐकते का, दुसऱ्या कुणाला तिच्यापेक्षा काही चांगलं येतं का. एवढ्यावर बहुतेक निवाडा होतो.

आजींची हरकत मी हसण्यावारी नेणार नाही. बापाच्या टोपीला गोंद लावणं, धुराड्यात पोपट लपवून घरात भूत आहे असं भासवणं, हे पाचवीतल्या मुलीच्या हातात देताना आजीला धास्ती वाटणं स्वाभाविक आहे. पण त्या बापाकडेही बघायला हवं. तो जुन्या गाड्यांचे आकडे ड्रिलने मागे फिरवून गिऱ्हाइकांना फसवतो, आणि मुलीने वाचनालयातून आणलेलं पुस्तक तिच्यासमोर टराटरा फाडतो. माटिल्डा सगळ्या मोठ्यांच्या खोड्या काढत नाही. मिसेस फेल्प्सशी, मिस हनीशी ती इतक्या अदबीने वागते की आजींनाही ती आवडेल. मुलांना हा फरक पक्का कळतो. माझ्या पाहण्यात तरी हे वाचून कुणी घरात गोंद लावलेला नाही. उलट ‘हे बरोबर झालं का?’ यावर मुलं मोठ्यांपेक्षा काटेकोरपणे भांडतात. आजींना एक विनंती करा: मिस हनी माटिल्डाला आपल्या झोपडीत नेऊन चहा देते, ब्रेडला मार्गारीन लावते, आणि आठवड्याला एका पौंडावर ती कशी जगते ते हळूहळू उघड होतं, ते प्रकरण नातीकडून ऐका. नातीने मराठीत सांगत सांगत वाचावं. माझा अंदाज, आजीच पुढचं विचारतील.

पुन्हा पुन्हा तेच वाचण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात काळजीचं काहीच नाही. पहिल्या वाचनात मूल गोष्टीमागे धावतं, पुढच्या वाचनांत माणसं बघतं. तुमची मुलगी आता कुठल्या पानावर रेंगाळते ते मात्र हळूच पाहून ठेवा. ग्लासच्या पानावर, केक खाणाऱ्या ब्रूसच्या पानावर, की मिस हनीच्या? त्यावरून तिला पुढे काय द्यायचं ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त नीट ठरवता येईल.

क्रम विचारलात तर मी आधी ‘बॅले शूज’, मग हॅरिएट, मग मेग असा देईन. पण ते रडणं अजून ताजं असेल तर मेग आधी. पुस्तक हातात देऊन ‘वाच, चांगलं आहे’ म्हणू नका. तिच्या उशाशी ‘माटिल्डा’च्या शेजारी ठेवून द्या. मेगचं पुस्तक सुरुवातीला जरा जड जातं, विज्ञानाचे शब्द येतात, तेव्हा पहिली दोन प्रकरणं तुम्ही रात्री वाचून दाखवा, लागेल तिथे मराठीत सांगा. तिसऱ्यापासून ती स्वतः घेईल. नाही घेतलं तर आग्रह नको, पुढच्या वर्षी पुन्हा समोर ठेवा. आणि या सगळ्यात ‘माटिल्डा’ कपाटात वर ठेवून देऊ नका, ते तिच्या हाताशीच असू द्या.